टायरनाना

मिसिसागात कोजागिरी साजरी करायची म्हणजे दूध घरात आटवायचं, केशर-बदाम घरातच घालायचे आणि पेले घेऊन दोन मिनिटांसाठी डेकवर जायचं. चंद्राला दाखवेपर्यंत दुधावर साय धरते आणि साय दिसेपर्यंत आपल्या नाकाचा शेंडा बधिर होतो. बायका पैठणीवर जाड जॅकेट चढवून "किती सुंदर चंद्र ना" म्हणतात आणि म्हणता म्हणता दाराकडे सरकतात. सगळे आकाशाकडे बघत असताना एक माणूस मात्र कुंपणाच्या खांबावर ठोकलेल्या थर्मामीटरवर टॉर्च मारत उभा असतो.

"सहा," तो जाहीर करतो. "सहा अंश. लागले दिवस."

हे आमचे नाना. वय ७२, मूळ गाव वाईजवळ, मुक्काम पोस्ट मिसिसागा, १९८९ पासून. पाठीमागे सगळे त्यांना टायरनाना म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. कोजागिरीला लक्ष्मी 'कोण जागं आहे' असं विचारत फिरते म्हणतात. नाना 'कोणी अपॉइंटमेंट घेतली' असं विचारत फिरतात. टायर बदलायची अपॉइंटमेंट ज्याने घेतलेली नाही, त्याच्या पेल्यात दुसऱ्यांदा दूध पडत नाही.

नानांचं सगळं शास्त्र सात या आकड्यावर उभं आहे. पारा ७ अंशांच्या खाली उतरला की साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्यावरची पकड सुटत जाते. बर्फ पडलाच पाहिजे असं नाही, रस्ता कोरडा ठणठणीत असला तरीही. लोकांना हे कळत नाही, म्हणून नानांना रक्तदाबाची गोळी. "लोक बर्फाची वाट बघतात," ते म्हणतात. "तहान लागल्यावर विहीर खणणारी आपली जात. आणि इथे तहान लागते तेव्हा विहीरही गोठलेली असते."

नवख्या मराठी माणसाला अंश-बिंश लक्षात राहणार नाहीत म्हणून त्यांनी ते पंचांगात बसवलंय. कोजागिरीला अपॉइंटमेंट, दिवाळीला टायर चढवायचे, पाडव्याला उतरवायचे. गुढी उभारायच्या आधी चाकं उतरली पाहिजेत. हिवाळी टायरचं रबर मऊ, ते उन्हाळ्यात चालवलं तर शाळेतल्या खोडरबरासारखं झिजतं. या पंचांगात एकच भानगड आहे, ती म्हणजे अधिक मास. ज्या वर्षी तो येतो त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ढकलली जाते आणि टोरंटोचा पारा काही अधिक मास पाळत नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा बाकीच्या घरांत जावयाला काय वाण द्यावं याची चर्चा चालली होती. नानांनी ऑगस्टमध्येच सगळ्यांना फोन करून कळवलं, "या वर्षी दिवाळीवर विसंबू नका. दसऱ्याच्या आठवड्यातच उरकून घ्या."

शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, नसले तर २०० ते ३०० डॉलर दंड. आमच्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही. नाना त्यामुळे क्वेबेकबद्दल जे बोलतात ते ऐकून फ्रेंच लोकांच्याही डोळ्यांत पाणी येईल. तरी त्यांच्या मते तो कायदा अर्धवटच, कारण नोव्हेंबर वाऱ्यावर सोडलेला आहे. पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात डोंगरातल्या बऱ्याच रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासूनच हिवाळी टायर लागतात. "त्याला म्हणतात राज्य!" नाना म्हणतात. खंबाटकी घाट रात्री दोन वाजता धुक्यात उतरलेला माणूस, डोंगरातल्या सरकारचं कौतुक त्याला असायचंच.

माझी आणि नानांची पहिली भेट पार्किंगमध्ये झाली. २०१३ साल. डोंबिवलीहून येऊन मला दोन महिने झाले होते, जुनी कोरोला घेऊन दोन आठवडे. दिवाळीच्या फराळाचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. चकली खाऊन बाहेर येतो तो एक टोपीवाला गृहस्थ माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला. डोंबिवलीत आपल्या चाकाशी कोणी उकिडवं बसलं असेल तर तो हवा सोडत असतो. मी ओरडलो, "ओ काका! काय चाललंय?"

"अस्वल बघतोय," ते शांतपणे म्हणाले.

मला वाटलं, थंडीने झालं असेल. तेवढ्यात त्यांनी टायरच्या खाचेतून दोन डॉलरचं नाणं काढून दाखवलं. त्या नाण्याच्या मधोमध पांढरं अस्वल असतं आणि भोवती चांदीच्या रंगाची कड. नाणं खाचेत उभं खोचायचं. नव्या टायरचं रबर अस्वलाच्या पायांपर्यंत पोचतं. नुसत्या चंदेरी कडेपर्यंत आलं तर टायर अर्धा संपला, आणि कडेवरच्या अक्षरांपर्यंतच आलं तर टायर बदला.

"पाया पडण्याइतकं तरी रबर पाहिजे," नाना म्हणाले. "तुझं तर कडेवरच अडलंय, सोवळं मोडेल म्हणून आत न शिरल्यासारखं. त्यातून हे ऑल सीझन."

मी माझं ज्ञान दाखवलं. टायरवर चक्क 'एम प्लस एस' लिहिलेलं होतं, मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. गाडी विकणाऱ्याने मला ते बोट ठेवून दाखवलं होतं.

"दुकानावर 'साजूक तुपातले' अशी पाटी असते," नाना म्हणाले. "म्हणून लाडवात तूप असतं का?"

मग त्यांनी मला भर पार्किंगमध्ये जे सांगितलं ते मी पुढे अकरा वर्षं दर हिवाळ्यात ऐकत आलोय. 'एम प्लस एस' ही नुसती नक्षीची जात. रबर कसलं आहे याच्याशी तिचा संबंध नाही. खरा हिवाळी टायर ओळखायचा तो तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल, या खुणेवरून. बर्फावर ओढण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय ही खूण मिळत नाही. खूण आली १९९९ साली. त्याच वर्षीच्या जानेवारीत टोरंटोत एवढा बर्फ पडला की महापौर मेल लास्टमन यांनी चक्क लष्कर बोलावलं, आणि त्यावरून उरलेला कॅनडा टोरंटोला आजही हसतो. नाना या दोन घटना एकमेकींना जोडतात. "लष्कर कशाला? गावातल्या निम्म्या गाड्यांना धड टायर असते तर सैनिकांना घरी झोपता आलं असतं."

"आणि हे नाव बघ, ऑल सीझन! मराठीत सांगू? तीन सीझन. चौथ्यात तो आपल्याला सोडून जातो, अगदी घसरत."

मी घरी येऊन हिशेब केला. चार टायर आणि चार लोखंडी डिस्क, हजार डॉलरच्या आसपास. तेव्हा मी अजून प्रत्येक गोष्टीला साठने गुणत होतो. तेवढ्यात डोंबिवलीत सेकंडहँड स्कूटर आली असती. म्हणून मी मधला मार्ग काढला. कोरोलात इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते, तेव्हा पुढचे दोनच टायर घ्यावेत. ही युक्ती मी नानांना फोनवर अभिमानाने सांगितली. पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की मला वाटलं, लाइन गेली.

"फुगडी घालायची आहे का?" अखेर आवाज आला. "पुढचे पाय रोवलेले आणि मागचे तेलात. ब्रेक दाबलास की गाडीचं शेपूट पुढे येतं आणि तू आलास त्या दिशेला तोंड करून उभा राहतोस. डोंबिवलीला परत जायचं असेल तर विमानाने जा. चार घे."

मी चार घेतले. त्याच डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर टोरंटोत ते कुप्रसिद्ध गोठत्या पावसाचं वादळ झालं. झाडांच्या फांद्या काचेच्या होऊन खाली आल्या आणि लाखो घरांतली वीज गेली. मी घाबरून नानांना विचारलं की या टायरांवर बाहेर पडू का. नाना म्हणाले, "वेडा आहेस का? काचेवर कुठलाच टायर चालत नाही." टायरची मर्यादा त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली ती तेवढी एकदाच.

नानांच्या घरी जेवायला जाणं ही मौज असते, पण फ्रीझर उघडायचा नाही. मोदकासाठी ठेवलेला ओल्या नारळाचा चव आणि मटार यांच्यामध्ये एका झिपच्या पिशवीत रबराचे दोन तुकडे असतात. पिशवीवर काकूंच्या अक्षरात 'खाऊ नये' असं लिहिलंय. जेवण झालं, पान झालं की नाना ते तुकडे ताटलीतून आणतात आणि पाहुण्याला नख रुतवून बघायला सांगतात. एका तुकड्यात नख जातं, दुसऱ्यात मोडतं. "थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते ना? उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही. ऑल सीझन म्हणजे खोबरेल. हिवाळी टायर म्हणजे तिळाचं तेल, कितीही गारठा असो, वाहतंच." एका पाहुणीचं नख खरंच मोडलं होतं. नानांनी दिलगिरी व्यक्त केली, पण चेहऱ्यावर प्रयोग यशस्वी झाल्याचं समाधान होतं.

पकडीचं रहस्य समजावताना ते काकूंचा बेसनाचा लाडू हातात घेतात. टायरच्या खाचांमध्ये बर्फ भरतो, तो झटकायचा नसतो. बर्फाला सगळ्यात घट्ट काय धरतं तर बर्फच. खाचेत दाबून बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो. "लाडू वळताना सुटं बेसन कसं त्याच्याच अंगाला लागतं, तसं." त्याशिवाय प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात. हे सगळं ऐकेपर्यंत लाडू नानांच्या हातात राहतो, आणि काकू दुसरा लाडू आपल्या बशीत वाढतात, कारण तो पहिला परत मिळणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

या व्याख्यानाचा कळस म्हणजे हक्कापेलीट्टा. हे ऐकून काकूंना पहिल्यांदा हक्का नूडल्सचा प्रकार वाटला होता आणि "घरी करता येईल का" असं त्यांनी विचारलंही होतं. जगातला पहिला हिवाळी टायर फिनलंडमध्ये निघाला, १९३४ साली, तो ट्रकसाठी. दोन वर्षांनी मोटारींसाठी आला, त्याचं नाव हक्कापेलीट्टा, आणि ते आजतागायत चालू आहे. नाव कोणाचं? तर फिनलंडच्या घोडेस्वारांचं. स्वीडनच्या राजाच्या, गुस्ताव अडॉल्फच्या फौजेत ते लढत आणि 'तुटून पडा' अशा अर्थाची आरोळी देत शत्रूवर जात. त्या आरोळीवरून त्यांना हे नाव पडलं.

"आणि राजा जर्मनीच्या किनाऱ्यावर उतरला कधी?" नाना डोळे बारीक करून विचारतात.

"१६३०," आम्ही सगळे एका सुरात म्हणतो.

"आणि १६३० साली शिवनेरीवर?"

इथे नाना थांबतात. त्यांना पुढे काही सिद्ध करायचं नसतं. फिनलंडचे स्वार आणि आपले महाराज एकाच वर्षाचे, यातून टायरबद्दल काय निघतं हे आजवर कोणी विचारलेलं नाही. माझ्या मनात एकदा आलं होतं, पण काकू तेव्हा पुरणपोळी वाढत होत्या.

नानांचे वादही ठरलेले. आमच्या मराठी मंडळात एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चारही चाकांना ओढ असणारी भली मोठी गाडी. तिला हिवाळी टायर लागत नाहीत असं त्यांचं मत. "डॉक्टर, तुमच्या चारही चाकांना ओढ आहे, मान्य," नाना म्हणतात. "पण ब्रेक? ते माझ्याही चारही चाकांना आहेत आणि त्या दुधाच्या व्हॅनच्याही. तुम्ही सिग्नलवरून सगळ्यांच्या आधी निघाल. प्रश्न निघायचा नाहीच, थांबायचा आहे." डॉक्टर हसून विषय बदलतात. २०१६ च्या १ जानेवारीपासून ऑन्टॅरिओत हिवाळी टायर असणाऱ्यांना विम्यात सवलत देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, तेव्हा नानांनी पहाटे पहिला फोन डॉक्टरांना केला. बोलण्याचा सूर असा, की सरकारने हा निर्णय नानांच्या घरी लाडू खाऊनच घेतला.

दसऱ्याला नानांच्या गॅरेजमध्ये शस्त्रपूजा असते. टॉर्कचा पाना, जॅक, हवेचा गेज आणि खोरं, चौघांना हळदकुंकू आणि झेंडू. मग दिवाळीआधीच्या रविवारी प्रत्यक्ष सोहळा. नानांची गाडीही कोरोलाच. उन्हाळी टायर २०५ रुंदीचे, १६ इंची डिस्कवर. हिवाळी मात्र १९५ चे आणि १५ इंची, मुद्दाम अरुंद. "बर्फात रुंद टायर म्हणजे फावडं, अरुंद म्हणजे सुरी." उतरवलेल्या प्रत्येक चाकावर खडूने 'पु.डा.', 'पु.उ.', 'मा.डा.', 'मा.उ.' असं लिहायचं. शेजारच्या इटालियन आजोबांना ती चाकांची नावं वाटतात, आणि ते पाडव्याला "पुडा कसा आहे?" असं विचारतात म्हणे.

नट आवळायचे ते चांदणीच्या आकारात, एक सोडून एक. ७६ फूट-पाउंडांवर पाना 'टक' करतो. ती 'टक' ऐकताना नानांचे डोळे मिटतात. भीमसेनांच्या मैफलीत समेवर मिटायचे तसे. पाच नट, चार चाकं, वीस वेळा टक. एकविसावी ऐकू आली तर मोजायला चुकलो म्हणून सगळं पुन्हा.

पण काम इथे संपत नाही. चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायचे असतात. नाना हे विसरत नाहीत, दुसऱ्याला विसरू देत नाहीत. त्यांनी ज्यांची चाकं बदलली त्या सगळ्यांना आठवडाभर फोन. "झाले का शंभर?"

"नाही हो नाना, बायको म्हणाली त्र्याऐंशी."

"लक्ष ठेव. शिशुपालाचे शंभर भरले तेव्हा कृष्णाने चक्र सोडलं. तुझे शंभर भरले आणि नट बघितले नाहीस, तर चक्र आपणहून सुटेल."

आता मूळ गोष्ट सांगतो. ही मला कळायला चार हिवाळे लागले. नाना बर्फात गाडी चालवत नाहीत.

मी आधी योगायोग समजलो. जानेवारीतल्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला नाना-काकू बसने आलेले. एका शनिवारी मीच त्यांना घेऊन गेलो. दुसऱ्या वर्षी त्यांनी डॉक्टरांच्या गाडीतून, म्हणजे बिनहिवाळी टायरांच्या गाडीतून, डोळे मिटून आणि काही तरी पुटपुटत प्रवास केला. त्यांची कोरोला तेव्हा गॅरेजमध्ये, शहरातल्या सर्वोत्तम टायरांवर, शेजारी खोरं, मिठाची पिशवी आणि मेणबत्ती घेऊन, कोरडी उभी होती.

मी धीर करून विचारलं.

"माझे टायर चांगले आहेत," नाना म्हणाले. "समोरच्याचे काय? मागच्याचे काय? मी थांबेन रे. मागचा थांबेल का?"

यावर उत्तर नव्हतं. पुढे कधी तरी काकूंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. १९८९ च्या पहिल्याच हिवाळ्यात नाना एक जुनी गाडी घेऊन उताराच्या रस्त्यावरून कामावर निघाले होते. ब्रेक दाबला. खंबाटकीत असा दाबला असता तर गाडी जागच्या जागी थांबली असती. इथे ती थांबली नाही, आडवी झाली आणि तशीच, कुठलीही घाई न करता, दीडशे फूट घसरत बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. शेजारून घसरगाडीवरून चाललेल्या एका पोराने नानांना टाटा केला. काकूंच्या मते नाना सगळं विसरतील, तो टाटा विसरणार नाहीत.

गेल्या रथसप्तमीच्या आदल्या दिवशी काकूंचं हळदीकुंकू होतं. चाळीस बायका, वाण म्हणून स्टीलची चहाची गाळणी, खायला बटाटेवडे. सकाळपासून बर्फ भुरभुरत होता, चार-पाच सेंटीमीटर साठला असेल. मी खुर्च्या पोचवायला गेलो होतो. अकरा वाजता काकूंच्या लक्षात आलं की कोथिंबीर नाही.

"बसने जाऊन आणतो," नाना म्हणाले.

काकू वड्याचं सारण तसंच ठेवून बाहेर आल्या. हाताला हळद, कपाळावर आठ्या. "दर चार-पाच वर्षांनी हजार-हजार डॉलर घालता त्या चाकांत. माझ्या फ्रीझरमध्ये रबर. माझ्या लाडवांवर व्याख्यानं. आणि कोथिंबिरीला जाता येत नाही?"

पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला असावा. नानांनी टोपी घातली. मला म्हणाले, "चल. साक्षीला."

गाडी बाहेर काढायच्या आधी त्यांनी चारही चाकांची हवा बघितली. पारा पाच-सहा अंश उतरला की एक पीएसआय हवा उतरते, आणि रात्रीत बारा अंश उतरला होता. मग गल्लीच्या टोकाला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन एक चक्कर. वीसच्या वेगात कचकन ब्रेक. पायाखाली पेडल धडधडलं. "एबीएस. धडधडू दे, पाय काढायचा नाही. बोलतंय ते आपल्याशी." मग मुख्य रस्त्याला लागलो. वेग तीस. मागे गाड्यांची लग्नाची वरात. नानांनी पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवलं होतं की त्यात तीनदा दुसऱ्याच गाड्या घुसल्या, आणि प्रत्येक वेळी नानांनी नव्याने अंतर ठेवलं. या हिशेबाने आम्ही मागे मागे चाललो होतो.

"बर्फ उणे वीसला बरा," नाना समोर बघत सांगत होते. "कोरडा, खरखरीत, धरतो. आज बघ, शून्याच्या आसपास. म्हणजे वरून पाण्याचा पापुद्रा. आजचा बर्फ लबाड आहे."

सिग्नल पिवळा झाला. नानांनी ब्रेक दाबला. कोरोला नाकाच्या रेषेत, एक बोटभरही न सरकता, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबली. मी आजवर पाहिलेली सर्वांत सुंदर थांबणी. नानांनी माझ्याकडे बघितलं. डोळे मिटायच्या बेतात होते. समेवरचे.

तेवढ्यात मागून 'धप्प' झालं.

फार जोरात नाही. पण टोपी नानांच्या डोळ्यांवर आली. आम्ही उतरलो. मागे एक जुनी कोरोला, तिच्यातून एक पोरगेलासा शीख मुलगा उतरला, गाडीत खाण्याच्या डिलिव्हरीची चौकोनी पिशवी. भीतीने पांढरा झालेला. बंपरला वाटीएवढा पोचा पडला होता, पण नानांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ते सरळ त्याच्या पुढच्या चाकाशी जाऊन उकिडवे बसले आणि खिशातून दोन डॉलरचं नाणं काढलं.

"अंकल जी," मुलगा हात जोडून म्हणाला, "आप एकदम कैसे रुक गए?"

नाना हळूहळू उठले. बर्फ पडत होता. मागे हॉर्न वाजत होते. पस्तीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो एका अनोळखी पोराने भर चौकात विचारला होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"मैं नहीं रुका बेटा," नाना आपल्या साताऱ्याच्या हिंदीत म्हणाले. "टायर रुक्या."

पुढचं व्याख्यान आम्ही पेट्रोलपंपाच्या आडोशाला जाऊन घेतलं. सात अंश, खोबरेल तेल, तीन शिखरं. मुलाची बिर्याणी गार होत होती, पण तो ऐकत होता. एकतर त्याला पोलीस हवे नव्हते आणि दुसरं म्हणजे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. विमा कंपनीला कळवायचं की नाही, हा विषय आला तेव्हा नाना त्याच्या टायरच्या कडेवरचे आकडे वाचण्यात गढले होते. "१९५, ६५, १५!" ते ओरडले, रक्तगट जुळल्यासारखे. "माझाच साइज!"

नानांच्या गॅरेजमध्ये मागच्या खेपेचा जुना सेट होता, अस्वलाच्या पायापर्यंत नाही, पण दोन हिवाळे सहज निघतील असा. त्या रविवारी मुलगा आला, डोक्यावर पगडी आणि पगडीवर जॅकेटची टोपी. वीस वेळा 'टक' झालं. शेवटची पाच नानांनी त्याला करायला दिली. मी अकरा वर्षं येतोय, मला कधी पाना हातात मिळालेला नाही.

डिलिव्हरीवाल्याचे शंभर किलोमीटर भरायला कितीसा वेळ? त्याच रात्री साडेअकराला नानांच्या दारात तो उभा. "अंकल जी, सौ हो गए." नाना स्वेटरवर कानटोपी चढवून, टॉर्चसह बाहेर. काकूंनी त्याच्या हातावर उरलेला तिळगूळ ठेवला. शिशुपालाची गोष्ट त्याला हिंदीत सांगायला पाऊण तास लागला.

बंपरवरचा पोचा नानांनी दुरुस्त केलेला नाही. काकूंनी दोनदा म्हटलं, विम्यातून होईल. नाना म्हणाले, राहू दे. या कोजागिरीला पुण्याहून नुकतं आलेलं एक जोडपं होतं. थर्मामीटर झाल्यावर नानांनी त्यांना दूध हातात देऊन गॅरेजमध्ये नेलं, पोच्यावर टॉर्च मारला आणि विचारलं, "सांगा, यात चूक कोणाची?"

नवरा सावधपणे म्हणाला, "मागच्याची?"

"टायरची," बायको म्हणाली.

नानांनी काकूंना हाक मारली, आणि त्या मुलीच्या पेल्यात दुसऱ्यांदा दूध पडलं.